खिळ्यावरचा बॅज

४ जानेवारी

ही डायरी औषध कंपनीच्या माणसानं दिली. दरवर्षी देतो, आणि दरवर्षी माझी बायको शकिला तिची पानं फाडून कपाटाच्या फळ्यांवर अंथरते. यंदा मी आधीच कुलपात घातली. मे अखेर मी रिटायर होतोय, तोवरचे पाच महिने लिहून ठेवावेत म्हणतो. घरात आम्ही आमची मिसळ हिंदी बोलतो, पण शाळा मराठीत झाली, त्यामुळे लिहायला बसलं की मराठीच येतं.

तर मी चांदभाई, एक्स-रेवाला. संगमनेर तालुक्यातल्या एका दवाखान्यात एकतीस वर्षं झाली. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, डायरी कुणाच्या हाती लागेल नेम नाही. "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा" एवढ्यावर मी संसार केला आणि पोरीला शिकवलं. कामात माझी एक चूक कुणी दाखवावी! दारावर पाटी आहे, 'गरोदर स्त्रियांनी आधी सांगावे'. तरी मी प्रत्येक बाईला तोंडानं विचारतो, "बाई, पाळी कधी आली? दिवस गेलेत का?" बाई खाली बघते, बरोबरची सासू म्हणते, "न्हाई न्हाई, तसलं काय न्हाई," आणि मी रजिस्टरात टिक करतो. न विचारता बटण दाबलं असं एकदाही झालेलं नाही.

काल नाझनीन आली. आमची एकुलती. विमानात काम करते, मुंबईहून थेट अमेरिका, एका वेळी तेरा-चौदा तास. नवरा राहील भिवंडीला गोदामात सुपरवायझर आहे. सुट्टी चार दिवसांची, त्यातला एक ती झोपूनच काढते. आज जेवताना म्हणाली, "अब्बा, आमची एक सीनियर सांगत होती, ध्रुवाकडून जातो ना आम्ही, तिथं रेडिएशन लागतं. खरंय?"

"खरंय की. आभाळातून ते सारखं येतंच. आपल्यावर हवेची गोधडी आहे म्हणून खाली कमी लागतं. तुम्ही गोधडीच्या बाहेर जाता. ध्रुवाकडं तर आणखी जास्त. बॅज देतात ना तुम्हाला?"

"कसला बॅज?"

माझा घास हातातच राहिला. मी जमिनीवर, भिंतीच्या आड उभा राहून बटण दाबतो, मला बॅज. आणि ही पोर महिन्यातले ऐंशी तास आभाळात, तिला काहीच नाही! मी कंपनीच्या सात पिढ्या उद्धरल्या. शकिला म्हणाली, "नाझूचे अब्बा, आधी जेवू द्या तिला."

६ जानेवारी

नव्या तिमाहीचे बॅज आले. बॅज म्हणजे आगपेटीएवढी प्लास्टिकची डबी, आत एक कार्ड. जेवढं रेडिएशन लागेल तेवढं ते कार्ड धरून ठेवतं. तीन महिन्यांनी सगळे बॅज मोजायला पाठवायचे, मग रिपोर्ट येतो. सहादेवच्या नावाचाही आला. सहादेव माझा जोडीदार, दोन वर्षांपूर्वी रिटायर होऊन शेजारच्या अकोले तालुक्यात गावी भात लावतोय, पण यादीतून त्याचं नाव कमी करायचं कुणाच्या मनावर नाही. त्याचा बॅज ड्रॉवरात पडून राहतो आणि तसाच परत जातो.

आज मी तो खिशात घातला. नियमात बसत नाही, मला कळतं. आयुष्यात पहिल्यांदा असं केलं.

माझा बॅज भिंतीआडच्या खिळ्यावर लावला, नेहमीसारखा. छातीवर लावला की गर्दीत पडतो, हरवतो. शिवाय पंधरा वर्षांपूर्वी एकदा माझ्या नावापुढं आकडा आला होता, तेव्हा खुलासे लिहून लिहून बोटं झिजली. तेव्हाचे साहेब म्हणाले, "चांदभाई, खिळ्यावर ठेवत जा, डोक्याला ताप नको." तेव्हापासून दर तिमाहीला शून्य. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि माझा एकही बॅज आजवर हरवलेला नाही.

७ जानेवारी

नाझनीन निघाली. बॅज दिला आणि तीनतीनदा बजावलं, अंगावरच ठेवायचा, बॅगेत नाही, बॅग मशीनमधून जाते आणि तिथंही एक्स-रेच असतो. ती म्हणाली, "युनिफॉर्मवर एक टाचणी जास्त दिसली तरी सुपरवायझर ओरडते. आतून लावीन." मग म्हणाली की ड्युटीआधी नखं बघतात, लिपस्टिकचा रंग बघतात, मध्येच वजन करतात, आणि वजन वाढलं तर फ्लाइट काढून घेतात.

"नोकरी आहे की बकऱ्यांचा बाजार?" मी म्हणालो.

ती लई हसली. लहानपणी शाळा सुटली की ती एक्स-रे रूममध्ये येऊन बसायची. खिळ्यावरच्या बॅजकडं बोट करून विचारायची, हा कोण? मी सांगायचो, हा अब्बाचा पहारेकरी. आज म्हणाली, "तुमचा पहारेकरी चालला बघा अमेरिकेला."

२२ फेब्रुवारी

रोजे सुरू झालेत. दुपारी नाझनीनचा फोन आला. तिकडं हॉटेलात चोवीस तास मिळतात, पण डोळा लागत नाही म्हणाली, दिवसाची रात्र आणि रात्रीचा दिवस.

तिची मैत्रीण आयत घरी बसली. दिवस गेले, तिनं कंपनीला कळवलं, त्याच दिवसापासून उडणं बंद, जमिनीवर. तो नियमच आहे. पण तेवढ्यात तिचं पाच वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, आणि जमिनीवर असलेल्या पोरीला परत कोण बोलावतो? नाझनीनचंही कॉन्ट्रॅक्ट ३१ मेला संपतंय. ते पार पडलं तर ती कायम होईल, मग बाळंतपणाची रजा आणि बाकीचं सगळं मिळतं.

मी म्हणालो, "वाईट झालं. पण आयतनं कळवलं ते बरं केलं. नियम तो नियम."

तिकडून फोन कट झाला. नेटवर्क गेलं असेल.

२१ मार्च, ईद

शीरखुर्म्याचं पातेलं उघडलं आणि नाझनीन नाकाला ओढणी लावून मागच्या दारी पळाली. वर्षभर शीरखुर्म्यासाठी जीव टाकणारी पोर! मी म्हणालो, विमानातलं गार अन्न खाऊन पोट बिघडलंय, ओवा दे. शकिलानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच खुर्मा नासवला. मग तिनं पोरीला आतल्या खोलीत झोपवलं आणि मीठ लावलेल्या कैऱ्या नेऊन दिल्या. बिघडलेल्या पोटाला कैरी! पण या घरात माझं ऐकतो कोण. गेल्या पावसाळ्यात नाझनीन पोटाचं दुखणं घेऊन आठ दिवस आली होती, तेव्हाही दोघींचं असंच दार लावून चाललं होतं.

संध्याकाळी पोर माझ्याजवळ येऊन बसली. "अब्बा, रेडिएशन किती चालतं माणसाला?"

मी खूश. "काम करणाऱ्याला वर्षाला वीस मिलिसीव्हर्ट."

"आणि पोटातल्या बाळाला?"

"ते वेगळं. बाई गरोदर आहे असं कळलं की तिथून बाळंतपणापर्यंत फक्त एक. कुठं वीस आणि कुठं एक."

"एकाच्या वर गेलं तर?"

"काही होईलच असं नाही. पण जाऊ द्यायचं नाही, म्हणून तर मी दारात विचारतो."

"माझा रिपोर्ट कधी येईल?"

तिमाही संपायला दहाच दिवस राहिलेत, म्हणून बॅज माझ्याकडं देऊन गेली. महिनाभर लागेल म्हणालो. जाताना फाटकातून परत आली आणि पुन्हा विचारलं, "नक्की महिना?" पोरीला विषयात गोडी लागली. तीस वर्षांत या घरात कुणी मला एवढं विचारलं नव्हतं.

१ एप्रिल

बॅज पाठवले. ज्ञानेश्वरी मॅडम, आमच्या नव्या डॉक्टर, फार टापटिपीच्या. त्यांनी यादी तपासून सहादेवचं नाव कमी केलं, म्हणजे नाझनीनला पुढचा बॅज नाही. काही बोललो असतो तर विचारलं असतं कशाला हवा, म्हणून गप्प बसलो.

१३ एप्रिल

नाझनीनचा चौथा फोन, रिपोर्ट आला का. शकिलाही रोज विचारते. हिला काय करायचंय रिपोर्टाचं, हिला तर थर्मामीटर वाचता येत नाही.

२७ एप्रिल

रिपोर्ट आला. माझ्यापुढं शून्य, बाकीच्यांपुढं शून्य, सहादेवपुढं १.४.

आकडा दोनदा ताडून बघितला. मग डोकं ठिकाणावर आणलं. वर्षाला वीस चालतं, तिथं तीन महिन्यांत दीडसुद्धा नाही. म्हणजे डाळीतलं मीठ. पण हे मी फोनवर पोरीला कसं समजावणार? १.४ म्हटलं की ती घाबरणार, शकिला दोन दिवस जेवणार नाही. आणि खरं सांगायचं तर शून्य म्हणायची माझ्या जिभेला सवय आहे.

फोन लावला. "नाझू, शून्य!"

पलीकडून बारीक आवाज, "खरंच अब्बा? एकाच्या वर नाही ना?"

"शून्य म्हटल्यावर एक कुठून आला?"

"मग मी मे महिनाभर जाऊ?"

"बिनधास्त जा."

ती रडत होती की हसत होती, कळलं नाही. शकिलानं गोड भात केला आणि चार घरी वाटला. शून्यासाठी गोड भात वाटणारी बाई जगात ही एकटीच असेल.

२ मे

मॅडमनी बोलावलं. रिपोर्ट पुढ्यात. "चांदभाई, दोन वर्षांपूर्वी रिटायर झालेल्या माणसाच्या बॅजवर १.४ कसं आलं?"

मी म्हणालो, बघतो. त्या म्हणाल्या, १५ तारखेपर्यंत लेखी द्या.

सहादेवला फोन केला. तो हसत सुटला. "आवं चांदभाई, त्यात काय एवढं? लिहून टाका, बॅज रूममंदी पडून हुता. सगळी तेच लिहित्यात. मी सही करतो. चार आठवडं ऱ्हायलं तुमचं, कशाला इस्तवाशी खेळता?" बरोबर बोलतोय. तसंच लिहून टाकीन.

९ मे

सकाळी आठ. टीव्हीवर एकच चाललंय, सूर्यावर मोठं वादळ झालंय. लडाखला आभाळ लाल दिसलं म्हणे. विमानांना ध्रुवापासून लांब वळवतायत. नाझनीन अमेरिकेहून निघून आठ तास झालेत. दुपारी एकला मुंबईत उतरायची.

साडेनऊ. राहीलचा फोन. विमान खाली दक्षिणेकडं वळवलंय, मध्ये कुठंतरी तेलाला उतरणार, पाच-सहा तास उशीर. वादळ सुरू झालं तेव्हा ते पार वर, ध्रुवाकडं होते, असं तो म्हणाला. मी त्याला समजावलं, अरे विमान सुरक्षित आहे, रेडिएशनचं म्हणशील तर अशा वेळी थोडं वाढतं, एवढंच. तो म्हणाला, "अब्बा, थोडं म्हणजे किती?" आणि रडायलाच लागला. भिवंडीच्या गोदामात पन्नास हमालांना धाकात ठेवणारा माणूस!

दहा. शकिला मघापासून नमाजाच्या चटईवरून उठलेली नाही. आत्ता उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "नाझूचे अब्बा, तुमचं ते शून्य खरं आहे ना?"

मी म्हणालो, "असं का विचारतेस?"

"शपथ घ्या."

मी शपथ घेतली नाही. ती म्हणाली, "वरती दोन जीव आहेत."

साडेदहा. मी तिला विचारलं, कधीपासून. तिसरा महिना संपत आलाय. ईदेला तिला माहीत होतं, पोरीला माहीत होतं, राहीलला माहीत होतं. गेल्या पावसाळ्यातलं ते पोटाचं दुखणं नव्हतंच. पोटातलं गेलं होतं. तेव्हाही मला सांगितलं नाही. या खेपेला पोरीनं ठरवलं होतं, अब्बांचा आकडा एकाच्या आत आला तर ३१ मेपर्यंत जायचं, वर आला तर त्याच दिवशी कंपनीला कळवायचं. मग काय व्हायचं ते होवो.

मी शकिलाला सांगितलं, शून्य नव्हतं, १.४ होतं. ती ओरडली नाही. तिनं विचारलं, "मग खोटं का बोललात?" मी म्हणालो, मला ते खोटं वाटलं नाही. ती म्हणाली, "तुम्ही गावातल्या प्रत्येक बाईला विचारता. घरातल्या पोरीला नाही विचारलंत."

शेजारच्या अजिनाथची गाडी सांगितली आहे. मी मुंबईला निघतोय.

१० मे, भिवंडी

काल संध्याकाळी सातला ती बाहेर आली. बावीस तासांची ड्युटी. लिपस्टिक जागच्या जागी, केस जागच्या जागी, आणि पाय असे सुजलेले की बुटांच्या टाचा चेपून घातल्या होत्या. मला बघून थबकली.

कसारा घाटापासून मी मनात काय काय बोलायचं ते घोकत होतो. पण ती समोर आली आणि तोंडातून तेच बाहेर पडलं, जे एकतीस वर्षं पडत आलंय. "बाई, दिवस गेलेत का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "हो अब्बा. तीन महिने होतील."

तिथंच एका बाकावर बसलो. मी तिला १.४ सांगितलं. वाटलं होतं ती रडेल. ती नखांचा रंग खरवडत बसली.

"तुमच्या शून्यावर मी दोनदा जाऊन आले," ती म्हणाली. "काल खिडकीबाहेर हिरवा उजेड होता. लोक व्हिडिओ काढत होते, मला सांगत होते, बघा किती छान. मी पोटापुढं ट्रे धरून उभी होते."

ट्रेनं काही अडत नाही हे मला माहीत आहे. तिलाही माहीत होतं.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी कंपनीला पत्र लिहिलं असतं. नियम तो नियम."

लिहिलंच असतं.

१२ मे

नाझनीननं काल कंपनीला कळवलं. तासाभरात जमिनीवर. कॉन्ट्रॅक्टचे वीस दिवस उरले होते.

कंपनीच्या डॉक्टरांनी विचारलं, आतापर्यंत किती लागलंय? ती म्हणाली, तुम्ही मोजलंय का? ते म्हणाले, आम्ही मोजत नाही, अंदाज असतो, फारच किरकोळ असतो. मग ती म्हणाली, माझ्याकडं मोजलेला आकडा आहे. ते म्हणाले, कागद दाखवा.

तो कागद सहादेवच्या नावाचा आहे. आणि मी १५ तारखेच्या आत लिहून देणार आहे की तो बॅज एक्स-रे रूममध्ये पडून होता. तसं लिहिलं की १.४ हा नाझनीनचा आकडा उरत नाही, कुणाचाच उरत नाही. आणि खरं लिहिलं तर माझी चौकशी, तीही शेवटच्या पंधरवड्यात.

घरी आल्यापासून पोर माझ्याशी नीट बोलत नाही. मागत तर काहीच नाही. मागितलं असतं तर बरं झालं असतं.

१४ मे

सहादेव स्वतः आला, अकोल्याहून, तयार मजकूर खिशात घालून. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा अजून डोळ्यांवर. मी म्हणालो, मी तसं लिहिणार नाही.

"याड लागलं काय तुमाला? तुमचं एकट्याचं न्हाई हे. उद्या मॅडम इचारतील, बाकीची शून्यं कशी आली? तुमचं, माझं, समद्यांचं निघंल. एकतीस वर्साची इज्जत हाय तुमची."

"खिळ्याची इज्जत आहे ती, सहादेव."

त्यानं चष्मा काढून पुसला. "माज्या डोळ्यांच्या डाक्टरनं इचारलं हुतं," तो म्हणाला, "कामावर रेडिएशन किती लागायचं? त्यानंबी मोतीबिंदू धरतो. मी सांगितलं, शून्य." चहा न घेताच गेला.

मग मी लिहिलं. इथं उतरवून ठेवतो. 'श्री. सहादेव यांच्या नावाचा बॅज मी ७ जानेवारीस माझी मुलगी नाझनीन हिला, ती विमानात कामास असल्याने, अंगावर लावण्यासाठी दिला. १.४ हे तिला लागलेले आहे. ही चूक माझी एकट्याची. तसेच माझा स्वतःचा बॅज गेली पंधरा वर्षे मी कामावर असताना खिळ्यावर ठेवत आलो. माझ्या नावापुढील शून्ये माझी नाहीत.' शेवटचं वाक्य तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा ठेवलं.

१५ मे

मॅडमनी दोनदा वाचलं. "चांदभाई, हे असंच द्यायचं? चौकशी लागेल. मला वर पाठवावं लागेल."

"पाठवा. एक नक्कल सही-शिक्क्यानं मला द्या, पोरीला हवी आहे."

त्यांनी दिली. खोलीत आलो, बॅज खिळ्यावरून काढला आणि छातीवर लावला. गंजून बसलेली ती टाचणी उघडायला दोन मिनिटं लागली. दिवसभर हात सारखा तिकडं जात होता.

घरी नक्कल नाझनीनच्या हातात ठेवली. तिनं वाचली, खालपर्यंत. "खिळ्यावरचं कशाला लिहिलंत? त्याची मला गरज नव्हती."

"मला होती," मी म्हणालो. मग ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लई रडली, आणि मीही. शकिला म्हणाली, "आता दोघं मिळून पूर आणा, मी पातेली उचलते."

२० मे

संगमनेरला सोनोग्राफी. मी जन्मभर खोलीच्या आतल्या बाजूला असायचो, आज बाहेरच्या बाकावर बसलो. पाटीवर लिहिलेलं चारदा वाचलं. मग दार उघडून शकिलानं हात धरून आत ओढलं. ठोके ऐकू येत होते, जलद, घोडा दौडावा तसे. डॉक्टर म्हणाल्या, वाढ ठीक आहे, आत्ता काळजीचं दिसत नाही.

गाडीत नाझनीननं विचारलं, "अब्बा, सगळं मिळून किती लागलं असेल त्याला?"

"मार्चपर्यंतचा आकडा आहे, त्यातला निम्मा तर तो असायच्या आधीचा. एप्रिल आणि मे मोजलेला नाही. वादळाचा तर अंदाजही नाही."

"म्हणजे किती?"

"मला माहीत नाही, बेटा."

वाटलं होतं, ती आणखी घाबरेल. तिनं खिडकीला डोकं टेकलं. तळेगाव फाट्यापर्यंत झोपली होती.

२९ मे

कंपनीचं पत्र आलं. कॉन्ट्रॅक्ट वाढवत नाहीत. कारण लिहिलेलं नाही. संध्याकाळी आयतचा फोन आला, मग आणखी दोघींचा. नाझनीननं त्या सगळ्यांना माझ्या खुलाशाची नक्कल पाठवली. त्या मिळून अर्ज करतायत, आम्हालाही बॅज द्या म्हणून. त्यांच्यातल्या एकीकडंही मोजलेला आकडा नाही, हाच काय तो एक. माझ्या चौकशीची तारीख जूनमधली आहे.

३० मे, शनिवार

उद्या रविवार, म्हणून आजच शेवटचा दिवस. नारळ, शाल, फोटो, सगळं सकाळीच उरकलं. मॅडम म्हणाल्या, आता घरी जा. मी म्हणालो, बाहेर एक पेशंट बसलाय.

आश्वीकडची रतनबाई आणि तिची सून. पोरगी असेल एकोणीस-वीस वर्षांची, पंधरा दिवसांपासून खोकला. मी विचारलं, "बाई, पाळी कधी आली? दिवस गेलेत का?" पोरीनं खाली बघितलं. रतनबाई म्हणाली, "न्हाई न्हाई, तसलं काय न्हाई. घ्या उरकून, साडेचारची गाडी हाय आमाला."

पेन टिक करायला टेकलंच होतं. मी ते खाली ठेवलं.

"रतनबाई, तुम्ही जरा बाहेर बसा."

"का? मी काय परकी हाय?"

"बाहेर बसा."

बडबडत गेली. मी सिस्टरला आत बोलावलं, दार लोटलं, आणि पोरीला पुन्हा विचारलं. या खेपेला तिच्याकडं बघून विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत थांबलो. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग दोन बोटं वर केली. "दोन म्हैनं वर गेलं," ती म्हणाली. "घरी कुणाला सांगितलं न्हाई अजून."

मी मशीन बंद केलं. सिस्टर तिला मॅडमकडं घेऊन गेल्या. रजिस्टरात टिकेच्या जागी लिहिलं, 'एक्स-रे काढला नाही'. छातीवरचा बॅज काढून पाकिटात घातला आणि मॅडमना सांगून आलो, जूनचा रिपोर्ट आला की माझ्या नावापुढं काय आलंय ते मला फोन करून कळवा, जे असेल ते.

घरी आलो तर नाझनीन ओट्यावर बसली होती, कैरी खात. म्हणाली, "शेवटचा एक्स-रे कुणाचा काढलात, अब्बा?"

"काढला नाही," मी म्हणालो आणि तिच्या शेजारी बसलो.